बोईसर-पालघरहून पहिल्यांदाच भुयारी मेट्रोने जाताय? आधी लोकल कुठे सोडायची ते ठरवा

पालघर स्टेशनवर सकाळी डहाणूहून येणारी लोकल थांबते, तेव्हा डब्यात चढणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक रोजची. कुठल्या डब्यात चढलं की दादरला बरोबर जिन्यासमोर उतरता येतं, हे त्यांना पाठ असतं. दुसरी कधीतरी जाणारी. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि रिपोर्ट असतात, नाहीतर मंत्रालयात द्यायच्या अर्जाची फाईल असते, नाहीतर पहिल्या इंटरव्ह्यूचं कॉल लेटर.

या दुसऱ्या माणसांनी एक गोष्ट ऐकलेली असते. मुंबईत आता जमिनीखालून मेट्रो धावते आणि ती थेट मंत्रालयापर्यंत जाते. हे खरं आहे. पण ती पकडायची कुठून, हे त्यांना नीट कुणी सांगत नाही. मुंबईकराला विचारलं तर तो त्याच्या घरापासूनचा रस्ता सांगतो. अंधेरीत राहणाऱ्याला मेट्रो एका ठिकाणी सोयीची, गिरगावात राहणाऱ्याला दुसऱ्या. आणि जो माणूस शंभर किलोमीटरवरून, डहाणू लोकलमधून येतोय त्याचं गणित या दोघांपेक्षा पूर्ण वेगळं आहे.

मुंबई मेट्रोचं हे गणित पालघर, बोईसर आणि तारापूरच्या प्रवाशाच्या बाजूने मांडलं तर काय दिसतं?

ही मेट्रो नेमकी कोणती?

मुंबईत आता बऱ्याच मेट्रो आहेत, पण त्यातली भुयारी एकच. तिचं नाव मेट्रो-३, म्हणजेच ॲक्वा लाइन. दक्षिणेला कफ परेड, उत्तरेला आरे. लांबी साधारण ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७. त्यातली २६ जमिनीखाली आहेत आणि फक्त आरेचं स्थानक वर.

ही लाइन एका दमात सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला. मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवसापासून थेट कफ परेडपर्यंत गाड्या धावू लागल्या. त्यामुळे कुणी वर्षभरापूर्वीच्या अनुभवावरून "ती तर बीकेसीलाच संपते" असं सांगितलं तर ती माहिती जुनी झाली.

आता पालघरच्या दृष्टीने महत्त्वाचं. ही मेट्रो वसई-विरारकडे येत नाही. बोरिवलीलाही येत नाही. म्हणजे प्रवासाचा मोठा पल्ला लोकलनेच करायचा आहे. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर, पालघर सुमारे ९१ आणि बोईसर सुमारे १०३. मेट्रोने यातला एक किलोमीटरही कमी होत नाही. ती उपयोगी पडते ती लोकल सोडल्यानंतरच्या शेवटच्या टप्प्यात. जिथे आधी टॅक्सीवाल्याशी वाद घालावा लागायचा, बसची वाट पाहावी लागायची किंवा उन्हातून चालावं लागायचं, तिथे.

म्हणून "मेट्रो कशी वापरायची" याच्या आधी "लोकल कुठे सोडायची" हे ठरवावं लागतं. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण इथेच चुकतात.

नकाशात पाच-सहा जोड दिसतात, कामाचे तीनच

नकाशा उघडला तर पश्चिम रेल्वेला ॲक्वा लाइन बऱ्याच ठिकाणी भेटते. चर्चगेट, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, दादर. नकाशा पाहून माणूस खूश होतो. पण मुंबईत फास्ट धावणारी गाडी महालक्ष्मी आणि ग्रँट रोडला थांबत नाही. तिथे उतरण्यासाठी मध्येच गाडी बदलून स्लो लोकल पकडायची, मग मेट्रो, म्हणजे वेळ वाचवण्याच्या नादात दोन जिने जास्त. ही दोन्ही नावं विसरून जा.

आणखी एक गोष्ट. डहाणू रोडहून निघालेली प्रत्येक लोकल चर्चगेटला जात नाही. काही विरारलाच संपतात, काही अंधेरी-दादरपर्यंत जातात. चर्चगेट ते डहाणू रोड थेट लोकल सुरू झाली ती १६ एप्रिल २०१३ ला. योगायोग म्हणजे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली तीही १६ एप्रिललाच. बरोबर १६० वर्षांनी पालघर-बोईसरच्या वाट्याला थेट लोकल आली. तेव्हापासून फेऱ्या वाढाव्यात ही मागणी काही संपलेली नाही.

तर आपण ज्या गाडीत बसलोय ती कुठपर्यंत आहे, हे आधी पाहायचं. त्यानंतर उरतात तीन जागा. मुंबई सेंट्रल, दादर आणि अंधेरी. चर्चगेटला मेट्रो आहेच, पण तिथे पोहोचलेल्या माणसाला तिची गरज क्वचितच पडते. ते कसं, हे पुढे येईल.

मुंबई सेंट्रल ही पालघरकरांची जुनी ओळखीची जागा. गुजरातकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या इथेच संपतात. पालघरला थांबणारी फ्लाइंग राणीसुद्धा. (तिचे ते दुमजली डबे २०२३ मध्ये गेले, पण पासधारकांच्या गप्पांत अजून आहेत.) ज्याला सीएसएमटी परिसरात जायचंय, म्हणजे सेंट जॉर्ज, कामा किंवा जीटी रुग्णालय, महापालिकेचं मुख्यालय किंवा क्रॉफर्ड मार्केट, त्याच्यासाठी मुंबई सेंट्रलला उतरणं आता खरोखर फायद्याचं आहे. पश्चिम रेल्वेवरून सीएसएमटीला जायचं म्हणजे आधी दादरला पूल चढून मध्य रेल्वे पकडायची किंवा चर्चगेटला उतरून बस शोधायची. आता मुंबई सेंट्रलला खाली उतरलं की ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी आणि चौथं स्थानक सीएसएमटी. लग्नाचा बस्ता बांधायला मंगलदास मार्केटला जाणाऱ्यांनाही हाच रस्ता बरा. ते काळबादेवीला उतरू शकतात.

दादरचं मेट्रो स्थानक रेल्वे स्टेशनला चिकटलेलं नाही. ते पश्चिमेला, शिवसेना भवनाच्या परिसरात आहे. स्टेशनबाहेर पडून बाजारातून चालत जावं लागतं आणि सणासुदीला दादरच्या बाजारात चालणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण सिद्धिविनायकला जायचं असेल तर दादरहून मेट्रोचं पुढचंच स्थानक सिद्धिविनायक आहे. बीकेसीला जायचं असेल तर उलट दिशेने शितलादेवी, धारावी आणि मग बीकेसी.

बीकेसीचा विषय निघालाच आहे तर बोईसरकरांसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीपासून बँकांच्या मुख्यालयांपर्यंत अनेक कामांसाठी तिथे जावं लागतं आणि आजवरचा रस्ता म्हणजे वांद्र्याला उतरून रिक्षाची रांग. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं मुंबईतलं स्थानकही बीकेसीलाच, जमिनीखाली बांधलं जातंय आणि त्या मार्गावर पालघर जिल्ह्यात विरार आणि बोईसर अशी दोन स्थानकं आहेत. म्हणजे बोईसरला बसून थेट बीकेसीच्या भुयारात उतरण्याचे दिवस कागदावर तरी ठरलेले आहेत. तोपर्यंत दादरहून मेट्रो किंवा वांद्र्याहून रिक्षा. ज्याच्याकडे सामान आहे किंवा सोबत म्हातारं माणूस आहे, त्याने वांद्र्याची रिक्षाच धरावी. दादरचा बाजार तुडवण्यापेक्षा ते सोपं.

विमानतळासाठी अंधेरी

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या बऱ्याच जणांची घरं देशाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. बोईसरहून विमानतळ गाठणं हा त्यांचा वर्षातून दोन-तीन वेळचा प्रवास. इथे मेट्रोने सगळ्यात मोठा फरक पडलाय, पण त्यासाठी दोन मेट्रो वापराव्या लागतात.

अंधेरीला लोकल सोडा. स्टेशनला लागूनच, पण वर, मेट्रो-१ चं स्थानक आहे. ही वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, २०१४ पासून धावतेय, पुलावरून जाते. घाटकोपरच्या दिशेने बसायचं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, चकाला, एअरपोर्ट रोड आणि मग मरोळ नाका. इथे 'एअरपोर्ट रोड' हे नाव ऐकून उतरू नका. नाव विमानतळाचं असलं तरी भुयारी मेट्रो पुढच्या मरोळ नाक्याला मिळते. तिथे उतरून खाली जायचं आणि कफ परेडच्या दिशेची गाडी पकडायची. पहिलंच स्थानक आंतरराष्ट्रीय विमानतळ टी-२. त्यानंतर सहार रोड आणि त्यापुढे देशांतर्गत विमानतळ टी-१.

टी-१ आणि टी-२ ही दोन वेगळी स्थानकं आहेत आणि टी-२ च्या नावात 'आंतरराष्ट्रीय' असलं तरी देशातली बरीच विमानंही तिथूनच सुटतात. म्हणून नावावर जाऊ नका. विमानाच्या तिकिटावर टर्मिनलचा आकडा छापलेला असतो, तो पाहा. आणि मेट्रोचं स्थानक म्हणजे चेक-इनचा काउंटर नव्हे. खालून वर येऊन टर्मिनलच्या दारापर्यंत जायला वेळ लागतो, तो हिशोबात धरा.

सीप्झ किंवा अंधेरीच्या एमआयडीसीत मुलाखतीला जाणाऱ्यांचाही रस्ता मरोळ नाक्यापर्यंत हाच. तिथून मात्र आरेच्या दिशेची गाडी. पहिलं स्थानक एमआयडीसी, दुसरं सीप्झ.

जिथे मेट्रो कामाची नाही

हे कुठल्याच जाहिरातीत नसतं, म्हणून इथे.

पालघर जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्यांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मोठ्या संख्येने असतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला, पण मोठ्या आजारपणात वाट अजून मुंबईचीच धरावी लागते. यातलं केईएम, टाटा आणि वाडिया ही परळची रुग्णालयं मेट्रो-३ च्या वाटेवर नाहीत. त्यांच्यासाठी दादरला उतरून टॅक्सी किंवा बस हाच मार्ग. जेजे रुग्णालयही मेट्रोच्या वाटेवर नाही. आणि नायर रुग्णालय मुंबई सेंट्रल स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे मेट्रोत शिरायचं कारणच नाही.

मंत्रालयाचं काय? मंत्रालयाजवळचं स्थानक 'विधान भवन'. चर्चगेटहून ते फक्त एक स्थानक पुढे. पण चर्चगेटला लोकलमधून उतरायचं, मेट्रोच्या गेटपर्यंत जायचं, खाली जायचं, बॅग तपासून घ्यायची, तिकीट काढायचं, गाडीची वाट पाहायची, एक स्थानक जायचं आणि पुन्हा तेवढंच वर यायचं. एवढ्या वेळात धडधाकट माणूस चालत मंत्रालयाच्या दारात पोहोचतो. पाऊस असेल, पाय दुखत असतील, तर गोष्ट वेगळी. आणि गाडी मुंबई सेंट्रललाच संपत असेल तर मात्र तिथूनच मेट्रोने विधान भवन गाठावं, सातवं स्थानक आहे.

उच्च न्यायालयाचंही तसंच. त्याच्या जवळचं स्थानक हुतात्मा चौक, चर्चगेटहून एकच स्थानक. पण इथे गंमत अशी की चर्चगेटहून हुतात्मा चौकाला जायला आरेच्या दिशेची गाडी लागते आणि विधान भवनला जायला कफ परेडच्या दिशेची. 'सगळं दक्षिण मुंबईच आहे' म्हणून कुठल्याही गाडीत बसलं तर कोर्टात तारीख असलेला माणूस मंत्रालयाखाली पोहोचतो.

स्टेशन तेच, नाव वेगळं

पहिल्यांदा जाणाऱ्याला भुयारात सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ती नावं. लोकलमध्ये 'मुंबई सेंट्रल' अशी घोषणा होते, पण मेट्रोच्या नकाशावर 'मुंबई सेंट्रल' शोधत बसलात तर तिथे दिसतं 'जगन्नाथ शंकर शेठ'. भारतात रेल्वे आणण्यासाठी धडपडलेल्या नाना शंकरशेठांचं नाव या स्थानकाला दिलंय. मान योग्य माणसाला मिळालाय, पण बोईसरहून आलेल्याने आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

वरळी नाक्याला जायचंय? तिथलं स्थानक 'आचार्य अत्रे चौक'. 'वरळी' नावाचं स्थानक वेगळं आहे आणि ते एक स्टॉप आधी, दादरच्या बाजूला. फोर्टमध्ये जायचं तर 'हुतात्मा चौक'. मंत्रालय म्हणजे 'विधान भवन', हे आलंच. नेहरू सायन्स सेंटरला शाळेची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी मात्र नाव सरळ आहे, 'सायन्स सेंटर'.

घरून निघतानाच उतरायच्या स्थानकाचं मेट्रोतलं नाव आणि गाडीची दिशा कागदावर किंवा मोबाईलवर लिहून घ्या. म्हणजे "सीएसएमटी, दिशा कफ परेड" एवढंच. खाली गेल्यावर विचार करायला वेळ आणि जागा दोन्ही कमी असतात.

जिना उतरल्यावर

रस्त्यावर मेट्रोचं गेट दिसतं. प्रत्येक स्थानकाला अशी अनेक गेट असतात आणि त्यांना ए-१, ए-२, बी-१ असे क्रमांक असतात. आत शिरताना कुठलंही चालतं, कारण खाली सगळ्या वाटा एकत्र येतात. बाहेर पडताना मात्र चुकीच्या गेटने वर आलात तर मोठ्या रस्त्याच्या पलीकडे निघता आणि मग सिग्नल, पूल, विचारपूस. म्हणून उतरल्यावर घाईत गर्दीच्या मागे जाऊ नका. भिंतीवर पाट्या आणि नकाशे असतात, त्यात कुठल्या गेटबाहेर काय आहे ते लिहिलेलं असतं. खाली मोबाईलचा नकाशा भरवशाचा नाही. आकाश दिसत नाही तिथे जीपीएसचा निळा ठिपका एकाच जागी थांबून राहतो किंवा भलतीकडेच उडी मारतो.

जिना उतरल्यावर पहिला मजला तिकिटाचा. तिथे काउंटर आहेत, मशीन आहेत. तिकीट म्हणजे क्यूआर कोड छापलेला कागद. तो गेटवर दाखवला की दरवाजा उघडतो. बॅग मशीनमधून तपासली जाते. कागद आत गेल्यावर फेकून द्यायचा नाही, कारण बाहेर पडताना तोच पुन्हा दाखवावा लागतो. लोकलच्या सवयीने तिकीट चुरगाळून खिशात कोंबणारे इथे अडकतात. कोड फाटला किंवा भिजला तर मशीन तो वाचत नाही.

लोकलचा पास किंवा तिकीट मेट्रोत चालत नाही. दोन्हीचे पैसे वेगळे. मेट्रो-३ चं तिकीट १० रुपयांपासून सुरू होतं आणि आरे ते कफ परेड या पूर्ण प्रवासाला ७० रुपये लागतात. पासधारकाला हे जास्त जाणवतं. ज्याने महिन्याचे पैसे भरून चर्चगेटपर्यंतचा पास काढलाय, त्याने मुंबई सेंट्रलला उतरून रोज मेट्रो पकडली तर महिन्याचा खर्च किती वाढेल, हे एकदा कागदावर मांडून पाहावं. कधीतरी जाणाऱ्याला हे पैसे टॅक्सीच्या मानाने कमीच वाटतील.

तिकिटाच्या मजल्यावरून आणखी खाली गेलं की प्लॅटफॉर्म. इथे रूळ दिसत नाहीत. प्लॅटफॉर्मच्या काठाला काचेची भिंत असते आणि तिला दरवाजे. गाडी आली की काचेचे आणि गाडीचे दरवाजे एकदमच उघडतात. गाडी कुठे थांबणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे डहाणू लोकलसारखं धावत जाऊन दांडा पकडायची गरज नाही, सोयही नाही. दरवाजा बंद व्हायला लागला तर हात घालू नका. गर्दीच्या वेळेला पाच-सहा मिनिटांत पुढची गाडी येते. ज्याला चुकलेल्या डहाणू लोकलनंतर तासभर फलाटावर बसायची सवय आहे, त्याला हे पटायला थोडा वेळ लागतो.

गाडीला आठ डबे. फर्स्ट क्लास नाही, मालडबाही नाही. ही दुसरी गोष्ट नुसती माहिती म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सातपाटीची मासळी, वाणगाव-डहाणूची मिरची आणि चिकू, केळव्याची पानं हे सगळं वर्षानुवर्षं लोकलच्या मालडब्यातून मुंबईत गेलंय. त्या टोपल्या डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायकांसाठी भुयारी मेट्रोत जागा ठेवलेलीच नाही. शहरात हजारो कोटी खर्चून उभ्या राहिलेल्या वाहतुकीत हातात लॅपटॉपची बॅग असलेला प्रवासी गृहीत धरलाय, पाटीवाली नाही.

खाली बसायचीही मुभा नाही. डहाणू लोकलमध्ये दोन-अडीच तासांच्या प्रवासात दाराजवळ पेपर अंथरून बसणं कुणाला वावगं वाटत नाही. मेट्रोच्या २००२ च्या कायद्यात थुंकण्याप्रमाणेच गाडीत फरशीवर बसणंही दंडाच्या यादीत आहे.

उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तर? घाबरून शेवटपर्यंत जाऊ नका. पुढच्याच स्थानकावर उतरा, तिकिटाच्या गेटबाहेर न पडता उलट दिशेचा प्लॅटफॉर्म गाठा आणि परत या. गेटबाहेर पडलात की तो प्रवास संपला, मग नवं तिकीट. फिरायला, व्हीलचेअरसाठी किंवा गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहेत. फक्त सगळ्याच गेटना नाहीत. रस्त्यावर असतानाच लिफ्टची खूण असलेलं गेट शोधा, नाहीतर अर्धा जिना उतरून परत वर यावं लागतं.

फोनला रेंज नसेल तर

ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्या मोबाईल नेटवर्कच्या. भुयारात रेंजच नव्हती. मेट्रोचं म्हणणं एक, मोबाईल कंपन्यांचं दुसरं. खाली यंत्रणा कुणी बसवायची आणि त्याचे पैसे किती, यावरून वाद होता. तिकीट काढता यावं म्हणून स्थानकांत मोफत वायफाय देण्यात आलं.

हा वाद मुंबईकराला गैरसोयीचा वाटला, पण पालघरहून येणाऱ्यासाठी त्यातून एक पक्की सवय लावून घेण्यासारखी आहे. खाली उतरण्याआधी, रस्त्यावर असतानाच सगळं उरकायचं. मोबाईलवर तिकीट काढायचं असेल तर वरच काढा आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मेट्रो-३ चं 'मेट्रोकनेक्ट३' हे ॲप आहे, व्हॉट्सॲपवरूनही तिकीट काढता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्येच 'मुंबई वन' हे ॲपही आलं, ज्यात लोकल, मेट्रो आणि बस यांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात. अंधेरीमार्गे विमानतळाला जाणाऱ्याला, म्हणजे लोकल आणि दोन मेट्रो करणाऱ्याला ते जास्त उपयोगी. यूपीआय खाली चालेलच असं धरू नका. खिशात शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा असू द्या.

आणि दोघं-तिघं मिळून जात असाल तर खाली उतरण्याआधी एकमेकांना सांगून ठेवा की चुकामूक झाली तर कुठल्या स्थानकावर, तिकिटाच्या मजल्यावर थांबायचं. रुग्णाला घेऊन जाताना तर नक्कीच. वर फोन लागतो म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि खाली दरवाजा बंद होऊन एक जण गाडीत, दुसरा बाहेर राहिला की हातातला फोन शोभेचा होतो.

पावसाळ्याचंही एक. २६ मे २०२५ च्या मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं आणि गाड्या अलीकडे वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या होत्या. स्थानक सुरू होऊन तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. वैतरणेच्या पुलावर पाणी वाढलं की लोकलचं काय होतं हे पालघरकर जाणतात. अतिवृष्टीच्या दिवशी भुयारही त्याला अपवाद नाही, एवढं लक्षात असू द्या.

अंधारात कुठली नदी?

गाडी सुटली की खिडकीबाहेर काळोख. पाहण्यासारखं काही नाही. धारावी ते बीकेसी या पट्ट्यात ती मिठी नदीच्या खालून जाते, पण आत बसलेल्याला ते कळतही नाही.

या काळोखाशी पालघरचं मात्र एक नातं आहे. हे बोगदे खोदायला १७ अजस्र यंत्रं जमिनीखाली उतरवली होती. त्यांना राज्यातल्या नद्यांची नावं दिली होती. कृष्णा, गोदावरी, तापी, वैनगंगा, तानसा. आणि त्यातच होत्या वैतरणा आणि सूर्या. वैतरणा म्हणजे डहाणू लोकल विरार सोडल्यावर जिच्यावरून जाते ती नदी. सूर्या ही तिची उपनदी, धामणीच्या धरणाची. मुंबईच्या नळाला वैतरणेचं पाणी आधीपासून जातंच. वसई-विरारला सूर्येचं जातं. धरणाजवळच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हा जिल्ह्यातला जुना आणि रास्त राग आहे. नावापुरत्या का होईना, दोन्ही नद्या मुंबईच्या पोटातूनही वाहून गेल्या आहेत.

परतताना

मेट्रो-३ ची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास आणि शेवटची रात्री साडेदहाच्या सुमारास. वेळा बदलू शकतात, जाण्याआधी ॲपवर पाहून घ्या. पण बोईसरला परतणाऱ्यासाठी मेट्रोची शेवटची गाडी हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो डहाणू लोकलचा.

विरारच्या गाड्या काही मिनिटांनी मिळत राहतात. विरारच्या पुढच्या मोजक्याच. म्हणून परतीचं गणित उलट मांडा. आधी कुठली डहाणू गाडी पकडायची ते ठरवा. ती दादर किंवा अंधेरीहून सुटत असेल तर तिथे किती वाजता पोहोचायचं ते पाहा. मग त्यातून मेट्रोचा वेळ वजा करा आणि पहिल्यांदाच जात असाल तर वर किमान वीस मिनिटं जास्तीची धरा. यात गेट शोधणं, तपासणी, तिकिटाची रांग आणि जिने आले. भुयारातली गाडी वेळेवर धावते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यात आणि तिच्यातून वर येण्यात किती वेळ जाईल, ते कुठल्याच ॲपवर नीट दिसत नाही.

संध्याकाळी मुंबई सेंट्रलला खालून वर याल तेव्हा आणखी एक गोष्ट पाहा. विरार फास्ट समोर उभी असते आणि तिच्यात चढायचा मोह होतो. विरारला उतरून डहाणूची गाडी मिळेल हे माहीत असेल तरच चढा. नाहीतर इंडिकेटरवर 'डहाणू रोड' येईपर्यंत फलाटावर थांबलेलं बरं. बोरिवलीनंतर तीच गाडी पकडायला किती गर्दी असते, हे विरारच्या फलाटावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.